गोणपाटावरची साक्ष

(सामुदायिक रेडिओवर बुधवारी दुपारी आम्ही जे बोललो, ते इथे लिहून काढलं आहे.)

जेवणं उरकली असतील. भांडी पडली असतील तर थोडा वेळ पडू द्या. हातात निवडायला काही असेल तर घ्या, शिवण असेल तर फारच छान. कारण आज आम्ही सुईदोऱ्याविषयीच बोलणार आहोत.

झालं असं, की मागच्या महिन्यात आम्ही एका बचतगटाच्या बैठकीला गेलो होतो. गटाने गोधड्या शिवायचं काम घेतलं आहे. बोलता बोलता एक बाई म्हणाली, "आमचं कसलं आलंय काम, चिंध्या जोडायचं. कला म्हणजे शहरातले मोठे लोक करतात ती." सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. पण घरी परतताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. चिंध्या जोडणाऱ्या बायकांना एक सरकार घाबरलं होतं, हे आम्हाला माहीत होतं आणि तिथे ते सांगायचं राहून गेलं. म्हणून आज सांगतो.

ही गोष्ट आपल्याकडची नाही. ती सुरू होते पार दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात.

चिलीत काय झालं

चिली नकाशात पाहिलात तर लांबच लांब, मिरचीसारखा दिसतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला अँडीज पर्वत. तिथे १९७० साली लोकांनी साल्वादोर आयेंदे यांना मतं देऊन राष्ट्राध्यक्ष केलं. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने ते सरकार उलथवलं. आयेंदे यांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. सेनापती आउगुस्तो पिनोचे सत्तेवर बसला आणि मार्च १९९० पर्यंत त्याचीच सत्ता राहिली.

त्या काळात काय होई, तर रात्री गाडी येई आणि माणूस उचलून नेई. कामगार संघटनेचा पुढारी असेल, विद्यार्थी असेल, शेतकऱ्यांत काम करणारा असेल. दुसऱ्या दिवशी घरची बाई पोलीस ठाण्यात जाई. तिथले म्हणत, आमच्याकडे असा कोणी नाही. मग तुरुंग, मग दवाखाना, मग शवागार. सगळीकडे एकच उत्तर. माणूस मेला असं कोणी म्हणेना आणि जिवंत आहे असंही कोणी म्हणेना. अशा माणसांना तिथे 'बेपत्ता केलेले' म्हणतात. पुढे लोकशाही आल्यावर सरकारनेच मोजदाद केली, तेव्हा मारलेले आणि बेपत्ता केलेले मिळून ३,००० हून जास्त निघाले. त्यातल्या हजाराहून अधिक जणांचा पत्ता आजही नाही.

आता त्या घरातल्या बाईचं काय झालं असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कमावता माणूस गेला, तेरावं घालावं तर तो मेला आहे हे कोण सांगणार? शेजारी बोलायला भितात. पोरं भुकेली आहेत. आणि सरकार म्हणतंय, तुझा नवरा दुसऱ्या बाईबरोबर पळून गेला असेल.

या बाया एकमेकींना भेटल्या त्या ठाण्याच्या आणि शवागाराच्या दारातच. रोज तीच तोंडं दिसू लागली. कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, कोणाचा नवरा. त्यांना आसरा दिला चर्चने. सुरुवातीला अनेक धर्मपंथांनी मिळून एक समिती काढली होती. पिनोचेने दाब आणून ती १९७५ च्या अखेरीस बंद करायला लावली. तेव्हा सान्तियागो शहराचे कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी जानेवारी १९७६ मध्ये चर्चच्याच छताखाली नवीन कचेरी उघडली, विकारिया दे ला सोलिदारिदाद, म्हणजे एकजुटीची कचेरी. इथे बायकांचे शिवणाचे गट चालत. या गटांत जे तयार झालं, त्याचं नाव आर्पियेरा.

आर्पियेरा म्हणजे काय

आर्पियेरा या शब्दाचा साधा अर्थ गोणपाट. गव्हाची किंवा पिठाची रिकामी पोती घ्यायची, धुवायची आणि कापून चौकोनी तुकडा करायचा. त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून चित्र उभं करायचं. वर डोंगराची रांग, बहुतेकदा एक सूर्य. खाली घरं, रस्ते, झाडं. आणि माणसं म्हणजे कापडात कापूस भरून केलेल्या इवल्या बाहुल्या, बोटाच्या पेराएवढं डोकं, लोकरीचे केस. त्या वर उठून दिसतात. चारी कडांना लोकरीची वेलबुट्टी. कधी पाठीमागे एक छोटा खिसा, त्यात चिठ्ठी, हे चित्र कशाचं आहे ते सांगणारी.

लांबून पाहिलं तर लहान मुलांच्या खोलीत टांगायची वस्तू वाटावी, इतके रंग. जवळ गेलं की कळतं. त्या इवल्या बाहुल्या कोणाच्या तरी दारातून माणसाला ओढून नेताहेत. बाया हातात फोटो घेऊन उभ्या आहेत आणि फलकावर विचारलंय, 'कुठे आहेत ते?' एका चित्रात पाण्याचा एकच नळ आहे आणि भोवती सगळी वस्ती. दुसऱ्यात सगळ्यांचं एकत्र जेवण एकाच मोठ्या पातेल्यात शिजतंय, कारण कारखाने बंद पडलेत आणि एकेकट्या घरात चूल पेटत नाही. सामायिक पातेलं ही तर त्या वस्त्यांतली खरीच गोष्ट. जे दिसलं, ते शिवलं.

ही रीत काही आकाशातून पडली नव्हती. व्हियोलेता पारा ही तिथली मोठी लोकगायिका. आजारपणात अंथरुणाला खिळलेली असताना तिने गोणपाटावर भरायला सुरुवात केली होती आणि १९६४ साली तिचं काम पॅरिसला लूव्र राजवाड्यातल्या संग्रहालयात मांडलं गेलं. इस्ला नेग्रा नावाच्या समुद्रकाठच्या गावातल्या बायकाही आपल्या रोजच्या जगण्याची चित्रं लोकरीने भरत. म्हणजे हात आधीपासून तयार होते. सांगायची गोष्ट नंतर आली.

आणि कापड कुठलं? काही बायांनी बेपत्ता झालेल्या माणसाचाच सदरा कापला. मुलाची विजार, नवऱ्याचा शर्ट. मैत्रिणींनो, जुनी लुगडी आणि धोतरं घालून गोधडी शिवणाऱ्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. आजीच्या लुगड्याचा तुकडा कुठला, हे ती अंधारातही बोटांनी ओळखते.

कापडच का?

आता मुद्द्याचं बोलू. पत्रक छापलं असतं तर? छापखान्यावर पहारा होता. भिंतीवर लिहिलं असतं तर? गोळी. वर्तमानपत्रं तर सरकारच्याच हातात. पण चार बाया बसून शिवताहेत, याकडे शिपाई वळूनही बघत नव्हता. शिवण म्हणजे बायकांचा वेळ घालवायचा उद्योग, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. बायकांच्या कामाला जी किंमत नव्हती, तीच त्यांची ढाल झाली.

दुसरं कारण पोटाचं. एकजुटीची कचेरी हे तुकडे विकत घेई आणि परदेशी पाठवी. तिकडे चर्चची मंडळं, मानवी हक्कांसाठी लढणारी माणसं आणि देशोधडीला लागलेले चिलीचे लोक ते विकत. पैसा परत येई. बाई मुलांना खाऊ घाली, आणि काही हिस्सा गटाच्या सामायिक पेटीत पडे. ज्यांच्या घरचं कोणी बेपत्ता नव्हतं, पण नवऱ्याची नोकरी गेली होती, अशा झोपडवस्त्यांतल्या बायाही पुढे मोठ्या संख्येने या कामात आल्या.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. घरी बसून एकटी शिवली असती तर ती रडली असती. इथे ती बोलली. काही नवऱ्यांना बायको बैठकीला जाते हे सुरुवातीला खपत नसे. हळूहळू गटात बोलणं कोणाकडे वळलं, तर घरातल्या मारापर्यंत, मुलं किती व्हावीत इथपर्यंत. १९८० च्या दशकात चिलीतल्या स्त्री चळवळीने एक घोषणा दिली : देशात लोकशाही आणि घरातही लोकशाही. हुकूमशहा राजवाड्यात बसतो तसा उंबऱ्याच्या आतही बसू शकतो, हे त्या बायांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. शिवताना बोलता बोलता त्यांना ते उमगलं.

सरकारला कळलं नाही का? उशिरा कळलं. परदेशात प्रदर्शनं होऊ लागली, तेव्हा सत्तेच्या बाजूच्या वर्तमानपत्राने या कामाला देशाची बदनामी म्हटलं. बाहेर जाणारे गठ्ठे जप्त होऊ लागले. मग ते प्रवाशांच्या सामानातून, ओळखीच्या परदेशी माणसांच्या हातून जाऊ लागले. शिवणारीचं नाव कुठेच नसे. नाव म्हणजे जिवाला धोका.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्याच काळात सरकारचीही माता-केंद्रं होती, हुकूमशहाच्या पत्नीच्या अध्यक्षतेखाली चालणारी. तिथेही बायकांना हस्तकला शिकवत, त्यांचंही काम विकलं जाई. सुई तीच, बाईही गरीबच. म्हणजे शिवणकामात आपोआप बंड नसतं. काय शिवायचं हे कोण ठरवतं, त्यावर सगळं असतं.

शिवणापुरत्या त्या थांबल्या नाहीत. चिलीत क्वेका नावाचा जोडीने करायचा नाच आहे, बाई आणि गडी हातात रुमाल घेऊन नाचतात. ८ मार्च १९७८ रोजी, महिला दिनाच्या कार्यक्रमात, सान्तियागोच्या एका मोठ्या नाट्यगृहात या बायका एकेकट्या नाचल्या. छातीशी बेपत्ता माणसाचा फोटो, समोरची जागा मोकळी. भाषणाची गरजच उरली नाही. १९७९ साली त्यांनी बंद पडलेल्या संसदेच्या कुंपणाला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. मग या दोन्ही गोष्टी परत गोणपाटावर शिवल्या गेल्या.

शेजारी डोक्यावरचं कापड

डोंगराच्या पलीकडे अर्जेंटिना. तिथे १९७६ ते १९८३ लष्कराची राजवट होती. तिथेही हजारो बेपत्ता, मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. ३० एप्रिल १९७७ रोजी १४ बाया राजधानीच्या मुख्य चौकात जमल्या. पोलीस म्हणाले, घोळका करून उभं राहायची बंदी आहे, चालत राहा. मग त्या दोन दोघी हातात हात घालून चौकाला फेऱ्या मारू लागल्या. त्यांच्या फेऱ्या पुढे वर्षानुवर्षं, दर गुरुवारी चालू राहिल्या.

गर्दीत एकमेकींना ओळखायचं कसं? त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधायचं ठरवलं. बाळाचं लंगोट म्हणून वापरतात ते कापड, कारण प्रत्येकीच्या घरी एखादं जपून ठेवलेलं होतंच. नंतर त्यावर मुलांची नावं आणि तारखा भरल्या गेल्या. त्याची किंमतही मोजावी लागली. चळवळ सुरू करणाऱ्यांपैकी अझुसेना व्हियाफ्लोर यांच्यासह तिघी माता डिसेंबर १९७७ मध्ये उचलल्या गेल्या आणि मारल्या गेल्या. अझुसेना यांच्या अस्थींची ओळख पटायला २००५ साल उजाडलं.

तेच कापड पुढे रंग बदलून परत आलं. लोकशाहीत, २००३ पासून, सुरक्षित गर्भपाताचा हक्क मागणाऱ्या मुलींनी हिरवा रुमाल घेतला. आजीचा पांढरा, नातीचा हिरवा. ३० डिसेंबर २०२० रोजी तो कायदा झाला. आज दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत हिरवा रुमाल त्याच मागणीची खूण आहे.

निवडून आलेलं सरकार असलं तर?

तुम्ही म्हणाल, हुकूमशाहीत हे ठीक. मतदान होतं तिथे बायांना याची काय गरज? तेच पाहू.

पेरू हा चिलीच्या शेजारचा देश. तिथे १९८० पासून निवडून आलेलं सरकार होतं. पण त्याच वर्षापासून डोंगराळ भागात सशस्त्र बंडखोर आणि सैन्य यांच्यात लढाई पेटली, ती २० वर्षं चालली. सत्यशोधन आयोगाने २००३ साली अंदाज दिला, सुमारे ६९,००० माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. चारांतली तीन माणसं केचुआसारख्या आदिवासी भाषा बोलणारी. म्हणजे मतदान होतं, पण डोंगरातल्या बाईचा आवाज राजधानीत पोचत नव्हता. पळून आलेल्या बाया लिमा शहराच्या कडेच्या माळावर झोपड्या घालून राहिल्या. चिलीची आर्पियेरा १९८० च्या दशकात त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी तिच्यात आपलं गाव शिवलं. बटाट्याची काढणी, बाजार, आणि मग जळणारं घर.

इंग्लंडमध्ये तर जुनी लोकशाही. तिथे सप्टेंबर १९८१ मध्ये वेल्समधून काही बाया पायी चालत ग्रीनहॅम कॉमन या लष्करी तळावर गेल्या. अमेरिकेची अण्वस्त्रं तिथे येणार होती. त्या तिथेच तंबू ठोकून राहिल्या. १२ डिसेंबर १९८२ रोजी सुमारे ३०,००० बायांनी हातात हात धरून तळाचं सगळं कुंपण वेढलं. कुंपणाच्या तारेत त्यांनी काय अडकवलं? मुलांचे फोटो, बाळाचे कपडे, हाताने शिवलेले झेंडे. रस्ता अडवून बसताना त्या स्वतःभोवती लोकरीची जाळी विणत, आणि पोलिसांना त्यांना उचलण्याआधी ती लोकर सोडवत बसावं लागे.

तिथे गोळी घातली नाही. तिथे हसले. वर्तमानपत्रांनी त्यांना घाणेरड्या, घर सोडून आलेल्या बाया म्हटलं. कित्येकींना तुरुंगही झाला. अण्वस्त्रं गेली ती १९९१ साली, मोठ्या देशांतल्या करारामुळे. ती आपल्यामुळेच गेली असं सगळं श्रेय त्या बायांना देता येणार नाही, पण १० वर्षं तो विषय त्यांनी झाकू दिला नाही, हे नक्की. छावणी तर २००० सालापर्यंत होती.

'बायांना सगळं मिळालंय' म्हणणारं राज्य

आता तिसरी तऱ्हा. पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट पक्षाचं राज्य होतं. तिथे बहुतेक सगळ्या बाया नोकरी करत, पाळणाघरं होती. सरकार म्हणे, स्त्री-पुरुष समता इथे झालीच आहे, मग वेगळी स्त्री चळवळ कशाला? ज्या दुखण्याला नावच नाही, त्यावर औषध कसं मागायचं?

एरफुर्ट शहरातली गाब्रिएले श्ट्योट्झर ही तरुण बाई. सरकारने एका गायकाला देशाबाहेर काढलं, त्याच्या बाजूने तिने सह्या केल्या आणि गोळा केल्या. त्यापायी १९७७ साली तिला होहेनेक इथल्या बायकांच्या तुरुंगात एक वर्ष काढावं लागलं. बाहेर आल्यावर ती विणू लागली, लिहू लागली, चित्रं काढू लागली. छोटं कलादालन उघडलं, ते १९८१ साली गुप्त पोलिसांनी बंद पाडलं. मग १९८४ पासून तिने बायकांचा एक गट जमवला. या बायका स्वतःच कपडे शिवत, तेही असे विचित्र, की कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत. ते घालून त्या मिरवत, लहान कॅमेऱ्यावर स्वतःचंच चित्रण करत. सरकारच्या पोस्टरवरची हसरी कामगार बाई त्यांना व्हायचं नव्हतं. आपलं अंग, आपली भीती, आपला राग त्यांना दाखवायचा होता.

आणि ४ डिसेंबर १९८९ रोजी, सत्ता डळमळायला लागली होती तेव्हा, एरफुर्टच्या गुप्त पोलिसांच्या कचेरीच्या धुराड्यातून धूर येऊ लागला. कागद जाळताहेत, हे ओळखून काही बाया पुढे झाल्या आणि लोकांना घेऊन आत घुसल्या. गाब्रिएले त्यांत होती. त्या देशात गुप्त पोलिसांची जिल्हा कचेरी लोकांनी ताब्यात घेतली ती पहिल्यांदा इथे. पुढे माणसांना आपापल्या फायली वाचायला मिळाल्या, त्यात या सकाळचा वाटा आहे.

धागा जोडतो कसा

या सगळ्या बायांनी एकमेकींना पत्रं लिहिली होती का? नाही. इथे नीट पाहायला हवं. चिलीतून पेरूत रीत खरोखर हातोहात गेली. एरफुर्टच्या बायकांपर्यंत ती गेली असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांनी आपल्या अडचणीतून आपली वाट काढली. तरी वाटा शेजारून गेल्या, कारण सगळीकडे बाईच्या हाताशी तेच सामान होतं, कापड, दोरा आणि स्वतःचं अंग.

राज्यं मात्र वेगवेगळ्या तऱ्हेने तोंड बंद करतात. हुकूमशाही माणूस उचलते. निवडून आलेलं सरकार कधी दुर्लक्ष करतं, कधी हसण्यावारी नेतं. तिसरं म्हणतं, तुमचा प्रश्न सुटलाय, बोलताय कशाला? म्हणून प्रत्येक ठिकाणी काम वेगळं करावं लागलं. चिलीत सांगायचं होतं, माझा माणूस होता. इंग्लंडमध्ये म्हणायचं होतं, हा प्रश्न माझाही आहे. पूर्व जर्मनीत म्हणायचं होतं, मी पोस्टरवरची बाई नाही.

रेघ पुढेही चालली आहे. रोबेर्ता बासिक या मूळच्या चिलीच्या. त्यांनी २००८ साली उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात गोधड्यांचं आणि आर्पियेरांचं प्रदर्शन भरवलं. तो भागही अनेक वर्षांच्या हिंसेतून निघालेला. तिथल्या बायांनी ते पाहिलं आणि त्याही शिवायला बसल्या. ब्राझीलमध्ये धरणग्रस्तांची मोठी चळवळ आहे. तिच्यातल्या बाया २०१३ पासून आर्पियेरा शिवतात. त्यांचं म्हणणं ऐका : भरपाई ठरवताना कंपनी कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषालाच धरते, बाईचं परसातलं पीक, नदीवरचं धुणं, शेजार, यांची मोजणी कुठल्याच कागदावर नसते. कागदावर नाही, म्हणून ती गोणपाटावर मांडली. २०१७ साली त्यांच्या या कामावर चित्रपटही निघाला.

आणि चिलीतूनच नोव्हेंबर २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट निघाली. वालपाराइसो शहरातल्या चार तरुणींनी, लास तेसिस नावाच्या गटाने, बलात्काराबद्दल एक सामूहिक गाणं-नाच बसवला. डोळ्यांवर काळी पट्टी, समोर बोट. दोष बाईच्या कपड्यांचा किंवा ती कुठे होती याचा नाही, हे त्यात सांगितलं आहे. काही आठवड्यांत ते जगभर झालं, दिल्लीतही बायांनी ते हिंदीत केलं. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या रस्त्यावर पोलिसांनी ते मोडून काढलं आणि बायांना धरलं, तर विरोधी पक्षाच्या महिला खासदारांनी ते थेट संसदेत बाकं वाजवून म्हटलं.

एक दुखरी गोष्ट

सगळं गोड गोड सांगून आम्ही उठणार नाही. आर्पियेरा जसजशी विकली जाऊ लागली, तसतशी मागणी बदलली. लोकशाही आल्यावर परदेशी गिऱ्हाइकाला दुःख नको होतं, सुंदर डोंगर आणि बाजार हवा होता. आज त्या देशांत पर्यटकांसाठी विकायला ठेवलेल्या कित्येक आर्पियेरांत नुसता आनंदी गाव असतो. यात शिवणारीचा दोष नाही, तिलाही घर चालवायचं आहे. पण गिऱ्हाईक म्हणेल तेवढंच शिवायचं म्हटलं, की आपली गोष्ट गिऱ्हाइकाच्या हाती जाते.

दुसरं, नावाचं. सान्तियागोमध्ये २०१० साली स्मृती आणि मानवी हक्कांचं मोठं संग्रहालय उघडलं. तिथे आर्पियेरा मानाने ठेवल्या आहेत. जगभरच्या संग्रहालयांत त्या आहेत. पण त्या काळच्या कित्येक तुकड्यांखाली शिवणारीचं नाव नाही. त्या वेळी नाव लपवलं ते जीव वाचवण्यासाठी. भीती गेली, तरी नाव परत आलं नाही, कारण ते विचारून ठेवायला कोणी नव्हतं. ज्या बायांनी माणसांची नावं पुसू दिली नाहीत, त्यांचीच नावं पुसली गेली.

म्हणून आमचं त्या बैठकीतल्या बाईला, आणि तुम्हा सगळ्यांना, एवढंच सांगणं. आपल्यावर चिलीसारखा प्रसंग न येवो. पण चिंध्या जोडणं हे काही हलकं काम नाही. एखाद्या गोधडीत तुमच्या गावची गोष्ट येऊ शकते. आटलेली विहीर, लेकीची शाळा, आणि उसतोडीला गेलेलं घर. विकायच्या दहा गोधड्या गिऱ्हाइकाच्या आवडीच्या करा. अकरावी गटाची करा, आपल्या मनाची. आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात, अस्तराच्या बाजूला का होईना, शिवणारीचं नाव आणि गावाचं नाव भरा. आपल्याला नाव लपवायचं कारण नाही.

गटात बोलण्यासाठी तीन प्रश्न देतो. आपल्या गावातली कोणती गोष्ट कुठल्याच कागदावर लिहिलेली नाही? ती गोष्ट एका हातभर कापडावर दाखवायची झाली, तर वर काय येईल आणि खाली काय? आणि तुमच्या घरातली सगळ्यात जुनी गोधडी कोणी शिवली, तिचं नाव घरातल्या मुलांना माहीत आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी काढा. शिवणारी हयात असेल तर आजच विचारा, कुठला तुकडा कोणाचा ते. पुढच्या बुधवारी ती नावं आम्ही रेडिओवर वाचू. भेटू मग. नमस्कार.